रुमाल

बियाण्यांच्या लॅबमध्ये सुरेखाने उगवणीत नापास झालेल्या सरकीची कॉम्प्युटरवर नोंद केली. त्याच क्षणी शेजारून राधेश्यामने त्याच फाइलीत आपल्या लॉटपुढे ‘पास’ लिहिलं. त्याने आधीच उघडलेली प्रत वरून सेव्ह झाली, तिची नोंद पुसली गेली, न उगवणारं बियाणं टेम्पोत चढलं. तिने पळत जाऊन पोती उतरवली. “दुसरं कोणी लिहून राह्यलं का बघा, मंग लिहा,” साहेब वैतागले. “बघून लिहीपर्यंत दुसरा घुसतो, साहेब. भोकरदनच्या एसटीत रिकामी सीट बघून दाराकडं गेलं तर भेटते का? खिडकीतून रुमालच टाकावा लागतो!” तिने दोघांची नोंद लिहिणारी कमांड बदलली: आधी ‘रुमाल’ नावाचा फोल्डर बनव, बनला तरच लिही. एका नावाचे दोन फोल्डर बनतच नाहीत. दोघांनी एकदमच एंटर दाबलं. “माझं अडकलं,” राधेश्याम ओरडला, “रुमाल पडलेला हाय म्हणते!” सुरेखाने ‘नापास’ लिहिलं, पुन्हा वाचलं, मगच फोल्डर पुसून रुमाल उचलला.