क्लबचे तीन गुण

माजी कप्तान डफळे माइकसमोर मघापासून स्वतःच्याच पराक्रमात न्हाऊन निघत होते. कऱ्हाडच्या हौशी अमेरिकन फुटबॉल क्लबचा दहावा वर्धापनदिन होता. क्लबनं आजवर एकही सामना जिंकला नव्हता, आणि सर्वाधिक सामन्यांत नेतृत्व करण्याचा विक्रम अर्थातच डफळ्यांच्या नावावर होता.

तिसऱ्या रांगेत केतकी म्हेतर हारतुऱ्यांचं तबक मांडीवर घेऊन बसली होती. एकदा खेळाडू कमी पडला म्हणून नाइलाजानं तिला मैदानात उतरवलं होतं. तिनं लाथेसरशी चेंडू दोन खांबांमधून पार धाडला. त्याचे तीन गुण मिळाले; क्लबच्या इतिहासात जमा झालेले गुण तेवढेच. त्याची जाण ठेवून आज तिला तबक धरण्याचा मान दिला होता.

"तुमची सर्वोत्तम कामगिरी कुठली?" मंचावरच्या प्रमुख पाहुण्यांनी भाबडेपणानं विचारलं.

"पुण्याविरुद्ध! फक्त अठ्ठेचाळीस-तीननं हरलो!"

"वा! मग ते तीन गुण कुणी मिळवले?"

डफळ्यांनी घसा खाकरला. "ते... अख्ख्या संघानं."

केतकी उठून उभी राहिली.

"खरंय दादा," ती हसत म्हणाली, "अख्ख्या संघानंच. पाय तेवढा माझा होता."