बापावर गेलेली

जिलबीला तीन पिल्लं झाली माझ्या कपाटात, माझ्या इस्त्रीच्या कपड्यांवर. आणि सोसायटीत पेढे वाटले शेजारच्या वत्सलाकाकूंनी! का, तर त्यांचा बोका केशरी आणि दोन पिल्लंही केशरी. "अगदी बापावर गेलीत," म्हणत जो तो माझ्याच घरात उभा राहून त्यांच्या बोक्याचं कौतुक करायचा. माझी मांजरही केशरीच आहे, पण ते कुणाला दिसेल तर शपथ. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग प्राण्यांचे डॉक्टर आले. "केशरी दोन्ही नर आहेत. नराला हा रंग आईकडूनच मिळतो, बापाचा त्यात काही हात नाही," ते म्हणाले. "ही तिसरी, काळी-केशरी, मादी. आई केशरी, म्हणजे हिच्यातला काळा रंग बापाचा. बाप केशरी असूच शकत नाही."

मासळीवालीच्या मागे फिरणारा काळा बोका मला लगेच आठवला. काकूंचं तोंड कसं उतरेल ते डोळ्यांपुढे आणत मी दार उघडलं, तर समोर काकूच उभ्या. एका काखेत बोका, दुसऱ्या हातात बाळंतविडा. तीन चिमुकली झबली, तीन टोपडी.

"नातवंडासाठी शिवली होती गं," त्या म्हणाल्या. "घालायला कोणी आलंच नाही. निदान हा तरी बाप झाला."

मी बाळंतविडा घेतला आणि काळं-केशरी पिल्लू उचलून त्यांच्या हातात दिलं.

"हिचं नाक बघा, काकू. अगदी बापावर गेलंय."