वॉकरशिवाय

फिजिओथेरपीची डिग्री हातात पडल्यावर स्नेहलला मिळालेली पहिली पेशंट म्हणजे गोदूआजी. शिरढोणच्या घरी एकट्या राहायच्या. पडून खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि मुलाने, दीपेशने, त्यांना पनवेलला आपल्या फ्लॅटवर आणलं. हाड केव्हाच जुळलं होतं, पण आजी काही वॉकर सोडेनात. "आज नको गो बाय, लय दुखतंय," एवढंच म्हणायच्या. आपल्याच शिकण्यात काहीतरी कमी राहिलं, या अपराधी विचाराने स्नेहलला त्या घरचा चहासुद्धा नकोसा वाटे.

एके सकाळी ती जरा लवकर पोचली. दार उघडंच होतं. आजी भाताची वाटी घेऊन नातीच्या मागे घरभर फिरत होत्या, आणि वॉकर भिंतीशी उभा होता! स्नेहलचा जीव भांड्यात पडला. आजींनी पटकन तिचा हात धरला. "दीपेशला नको सांगू गो."

"लाजताय काय आजी!" म्हणत तिने हसून नुकत्याच अंघोळीहून बाहेर आलेल्या दीपेशला हाक मारली आणि त्याच्यासमोर आजींना चालायला लावलं. आजी मुकाट्याने चालल्या, जराही न लंगडता.

दीपेशने हात जोडले. "म्याडम, लय उपकार झाले तुमचे. आता आईला शिरढोणला सोडून येतो. राहील तिची ती."


"अजून महिनाभर तरी व्यायाम लागेल हो," स्नेहल घाईघाईने म्हणाली, पण तोवर दीपेश आईची पिशवी भरायला आत गेला होता.