पाहणीची तारीख

"आईसाठी हे बैठं घर घेऊ नकोस. समोर नुसतं गवत दिसतंय, पण त्याच्या मुळाशी पाणी आहे," मामा म्हणाला होता. तिने हसण्यावारी नेलं. आईच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता, आणि मामाला कुठल्याही घरात काहीतरी खोट दिसायचीच. तिचा नवराही त्याला आधी पसंत नव्हता.

चार वर्षांनी त्याच गवताची फाइल तिच्या टेबलावर आली.

बिल्डरांना परवानग्या मिळवून देणारं ऑफिस होतं ते. समुद्रालगतची ती पाणथळ जागा सहा फूट भराव घालून उचलायची आणि वर अकरा इमारती बांधायच्या, अशी योजना होती. परवानगीसाठी लागणारा अहवाल तिने करायचा होता.

तिने पातळ्या मोजल्या. उधाणाच्या भरतीचं पाणी खाडीतून आत यायचं, गवतात पसरायचं आणि ओहोटीबरोबर निघून जायचं. मागच्या बैठ्या घरांच्या पायरीला लागायचं, वर चढायचं नाही. पण भराव पडला तर त्याला पसरायला जागाच उरत नव्हती. मग ते थेट घरांत शिरणार होतं. शेवटच्या घरात, म्हणजे आईच्या स्वयंपाकघरात, गुडघ्याएवढं. तिने आकडेमोड तीनदा केली. तिन्ही वेळा गुडघ्याएवढंच.

"हे पान कशाला?" साहेबांनी अहवालातून ते एवढंच पान सोडवून घेतलं. "आपल्याकडे जागेचा अहवाल मागितलाय. शेजाऱ्यांचा नाही."

"पण सर, तिथे माणसं राहतात."

"तुझ्या ओळखीची आहेत का?"

नवऱ्याचं काम सुटून तीन महिने झाले होते.

"नाही," ती म्हणाली.

पाहणीची तारीख काढायचं काम तिच्याकडेच होतं. ऑफिसची रीत ठरलेली. भरतीला जोर नसतो अशा भांगाच्या दिवसांत पाहणी ठेवायची, तीही ओहोटीच्या वेळी. अधिकाऱ्यांना कोरडी जमीन दिसते, कुणाचे बूट भिजत नाहीत, सगळे खूश. तिने भरती-ओहोटीचा तक्ता उघडला. महिन्यातलं सगळ्यात मोठं उधाण गुरुवारी होतं, सकाळी साडेअकराला. तिने तीच वेळ कळवून टाकली. एवढं पाणी डोळ्यांसमोर असताना परवानगी कोण देईल? तिला तोंड उघडावंही लागणार नव्हतं.

संध्याकाळी तिने आईला फोन केला.

"गुरुवारी आमच्या ऑफिसची माणसं येतील. मला ओळख दाखवू नकोस."

"का गं, चोरीबिरी केलीस का?"

"आई!"

"बरं बाई. कोण तू? मी नाही ओळखत."

"सोबतच्या सरकारी अधिकारी बाईंनी विचारलं तर पाणी कुठवर येतं ते सांग. खरं तेच."

"खोटं कशाला सांगू मी? आणि शनिवारी ठमीला लवकर आण. मागच्या वेळी आणलीस आणि लगेच नेलीस."

गुरुवारी गवताचे फक्त शेंडे पाण्याबाहेर होते. साहेबांचे मोजे भिजले.

"तारीख कुणी काढली?" त्यांनी दातओठ खात विचारलं.

"मीच, सर. तक्त्यातली ओळ चुकली."

"ओळ चुकली! पोर झाल्यापासून डोकं घरी ठेवून येतेस का?"

अधिकारी बाई निवृत्तीला आलेल्या होत्या. चष्मा डोक्यावर सारून त्या बराच वेळ नुसत्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग कडेकडेने चालत शेवटच्या घरापाशी गेल्या. दारात आई उभी होती.

"आजी, पाणी कुठवर येतं?"

"हे काय, या पायरीला. आता लागलंय तेवढंच."

"भीती नाही वाटत?"

"माझं काय हो, मी म्हातारी. पण शनिवारी नात येते, तीन वर्षांची. कडी लावूनच बसते मी. तरी एकदा तिची चप्पल वाहत निघाली, तर ही धावली तिच्यामागे. फ्रॉक धरून ओढली म्हणून."

हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. तिच्या हातातली फाइल वाकली.

"मॅडम, लिहून घ्या," अधिकारी बाई तिला म्हणाल्या. "आजी बोलल्या तसंच. चपलेचंही."

तिने लिहिलं. शब्द न शब्द.

"सही कुठे करू, मॅडम?" आईने विचारलं. "चष्मा आत राहिलाय."

तिने बोट ठेवून जागा दाखवली. परत येताना साहेबांनी गाडीत मोजे काढून पिळले. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

आठव्या दिवशी आदेश आला. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. राजीनामा तिने लिहूनच ठेवला होता. तो पर्समध्ये घेऊन ती गेली. साहेबांनी कागद पुढे सरकवला.

"वाच. मोठ्याने."

"'उधाणाच्या वेळी पाणी लगतच्या घरांच्या पायरीपर्यंत आल्याचे प्रत्यक्ष पाहिले,'" ती वाचू लागली. "'एका वृद्ध रहिवासी महिलेच्या जबाबावरून लहान मुलांच्या जिवास धोका असल्याचे स्पष्ट होते. सबब, हरकतींची मुदत न पाहता, सदर जागा पुढील उधाणापूर्वी भरून घेण्यात यावी.'"

"सहा महिने लागले असते नाहीतर," साहेब म्हणाले. "काय तारीख काढलीस!"

तुम्ही समुद्राकडे फिरायला जात असाल तर त्या लाल मातीच्या भरावामागे बैठ्या घरांची एक ओळ दिसेल. उधाणाच्या दिवशी शेवटचं दार जरा वाजवून बघा. त्या दिवशी आई मला येऊ देत नाही. दुसऱ्या दिवशी मी जाते, तेव्हा फरशी पुसून कोरडी केलेली असते, आणि ती म्हणते, सगळं ठीक आहे.