बैलाचं लोणी

ट्रॅक्टर आल्यापासून आमच्या बैलाच्या मानेवर जू चढलं नाही. तरी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा मोबाईलवर व्हिडिओ चालू करून त्याची मान लोणी-हळदीनं चोळत होते. “आज आवतण घ्या, उद्या जेवाले या!” ते बैलाला म्हणाले. भक्ती नुसती उतू चाललेली. मी यवतमाळला फिजिओथेरपी शिकते. मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू बैलाला नांगर ओढायला लागतो, माणसाला डोक्यावरचं ओझं तोलायला. या बैलाचा गादीसारखा मऊ. तेवढ्यात आई चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन आली. “बाजूले हो, व्हिडिओत येऊन राह्यली!” बाबा खेकसले. मी लोण्याची वाटीच हिसकावली, भारा उतरवून आईला ओट्यावर बसवलं. तिच्या मानेत बोटाखाली सुपारीएवढी गाठ लागली. “अवं, ते बैलाचं लोणी हाय!” बाबा ओरडले. मोबाईल चालूच होता. लोणी चोळत मी आईला म्हटलं, “याडी, आज आवतण घे, उद्या जेवाले ये. बाबा रांधतीन.”