चिमण्यांची जुडी

पडद्यावर कृष्णाबाईचं भात मेलं आणि सभागृहात टाळ्या वाजल्या.

टाळ्या डॉक्टर हेमांगीसाठी होत्या. विज्ञान केंद्रातलं सकाळपासूनचं हे तिसरं भाषण. पहिल्यात रोपाला मूळ कसं फुटतं ते सांगितलं, दुसऱ्यात लोंबी कधी धरायची हे रोपाला कसं कळतं ते. दोन्ही कृष्णाबाईला आधीपासून ठाऊक होतं, पण माणसं खरं बोलतायत म्हणून तिनं मान डोलावली होती. तिसऱ्यात मात्र तिच्या रात्या वाणाच्या लाल भाताचे कोंब खाऱ्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवलेले दिसले. नवव्या दिवशी त्यांनी माना टाकल्या.

“खारेपाटातल्या या भातात मिठाला तोंड देणारं जनुक उरलेलं नाही,” हेमांगी म्हणाली. “कधीकाळी असेलही. आता हे भात खारात टिकतं, ही केवळ समजूत आहे.”

समजूत! कृष्णाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. गेल्या श्रावणात उधाणानं बांधाला पुन्हा खांड पाडली, चार दिवस शेतात खाडी नांदली, तेव्हा काय तिथं समजूत उभी होती?

शेजारी तिचा मुलगा अल्पेश बसला होता. दोन ट्रकांचा मालक आणि गावकीचा पंच. गावकीनं ठरवूनच ठेवलं होतं, केंद्र सांगेल ते ऐकायचं. रातं नापास झालं तर या रोहिणीच्या पेरणीपासून सगळ्या खारात, खाडीलगतच्या खाऱ्या शेतांत, बाहेरचं नवं बी. आणि भाताचं बी म्हणजे काही पेटीत जपायचं सोनं नव्हे. दोन-तीन पावसाळे पेरलं नाही की ते मरतं. आजेसासूपासून चालत आलेलं बी कृष्णाबाईच्या हयातीत बुडणार होतं, तेही टाळ्यांच्या गजरात.

“बघ आये,” अल्पेश कुजबुजला, “मी सांगत व्हतो ना? तुजं रातं आता चिमन्यांनाच घाल.”

हे चिमण्यांचं तो दरवर्षी बोलायचा. कापणी आटोपली की कृष्णाबाई एकटीच विळा घेऊन खांडीच्या तोंडाशी, खाडीचं पाणी पहिल्यांदा शिरतं तिथं, जायची. तिथली लोंबी बारकी, कुसळांनी भरलेली, अर्धी फोल. तेवढीच कापून तिची जुडी ती चुलीवरच्या आढ्याला टांगायची. तिची सासूही असंच करायची. पुरुषमाणसं त्या जुडीकडे बघून हसायची, अल्पेश तिला चिमण्यांची जुडी म्हणायचा. कृष्णाबाईनं ते कधी खोडून काढलं नाही. चुलीवर काय टांगायचं हे त्या घरात पुरुषांना विचारून ठरत नव्हतं.

हेमांगी बोलतच होती. पोर काही वाईट नव्हती. तीन वर्षांपूर्वी बी मागायला आली तेव्हा ओटीवर मांडी घालून बसली होती, तांदळाची भाकरी मागून घेऊन खाल्ली होती. आत्ताही तिनं पहिले आभार कृष्णाबाईचेच मानले. म्हणाली, “मी चांगलं बी मागितलं, तर यांनी विहिरीकाठच्या गोड्या शेतातलं, तीनदा पाखडलेलं भात माझ्या ओंजळीत घातलं.” मग तिनं त्यातला एक दाणा पडद्यावर भिंतीएवढा करून दाखवला. टपोरा, तुकतुकीत, अंगाला एक कुसळ नाही.

कृष्णाबाईनं तो दाणा पाहिला आणि चूक कुठे झाली ते तिला कळलं.

गप्प बसता आलं असतं. चूक भाताच्या नावावर खपली असती, भात काही बोलायला येणार नव्हतं. बोललं तर गावभर हसं होणार. केंद्रवाले तीन वर्षांच्या कामासाठी डोकं धरून बसणार, आणि त्या गुणी पोरीचं तोंड सगळ्यांदेखत उतरणार. याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं. तिनं मेलेल्या कोंबांचा फोटो आठवला. मग पदर खोचला आणि ती उभी राहिली.

“आये, बस खाली,” अल्पेशनं हात ओढला. तिनं तो झटकला.

“माजं रातं मेलं न्हाय!” उधाणाच्या गाजेत बांधावरून हाका मारून कमावलेला आवाज होता, त्याला माइक लागला नाही. “ह्ये दावताव त्ये बी खाराचं न्हाय. खाराचं बी माज्या चुलीवर टांगलंय. ह्यो माजा पोर ज्याला चिमन्यांचं म्हनतो ना, त्येच. खांडीच्या तोंडाला उधान पिऊन जं उभं ऱ्हातं, त्येच फिरून खारात पेरायचं, ही आमच्या बायकांची रीत हाय. आदी त्ये तुमच्या मिठात बुडवा. मेलं तर नवं बी मी माज्या हातानं पेरीन. पन तवर माज्या खाराला गावकीतल्या कुनी हात लावायचा न्हाय. अल्पेश, तू बी न्हाय!”

अल्पेश पायाखालची फरशी बघत राहिला. हेमांगी व्यासपीठावरून उतरली आणि कृष्णाबाईच्या समोर येऊन उभी राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरले होते.

“मावशी, तीन वर्षं गेली माझी,” ती म्हणाली. “ते बी तेव्हाच का नाही दिलंत मला?”

कृष्णाबाईनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. एवढा वेळ चढलेला तिचा आवाज आता कुठे खाली आला.

“पाव्हनी व्हतीस ना गो तू! पाव्हन्याच्या वंजळीत कुनी कुसळाचं फोल भात घालतं काय?”