कीर्तीचा पलंगपोस

हेमलताबाईंनी शेवटची गाठ मारली आणि क्रोशानं विणलेलं फडकं दिमाखात ओट्यावर पसरलं.

लेकीच्या लग्नासाठी खरं तर पलंगपोस घेतला होता विणायला. पण ओळ संपताना शेवटचा टाका विसरायची त्यांची खोड! वीण तिरकी गेली की उसवायचं, पुन्हा जरा लहान सुरू करायचं. पलंगपोसाचा टेबलक्लॉथ झाला, टेबलक्लॉथचं फडकं. लग्नाला चार वर्षं झाली.

माहेरी आलेल्या कीर्तीनं निळा दोरा ओळखला. "आई, हा माझा पलंगपोस ना?"

"हो. आता ओटा पूस त्यानं."

कीर्ती हसली, मग हळूच म्हणाली, "दिवाळीपर्यंत एक टोपडं होईल का गं?"

हेमलताबाईंनी ओट्यावरचं फडकं उचललं. नव्याकोऱ्या फडक्यानं पहिले पुसले ते त्यांचेच डोळे.

"टोपडं ना? होईल की," दोऱ्याचं नवं रीळ काढत त्या म्हणाल्या, "आजच पलंगपोस सुरू करते."